बेबीनंदाचं पाळणाघर

बेबीनंदा आणि मी एकाच पावसाळ्यात बाळंत झालो. मी जालन्यातल्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कापसाची वजनं लिहिते. ती आत बसून कापसातली पत्ती आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडून काढायची. मी बी. ए. झालेली, कायम नोकरीतली, म्हणून मला तीन महिन्यांची पगारी रजा मिळाली. ती रोजंदारीवर. दिवाळीनंतर जीन सुरू झालं तशी ती कामावर आली, मुलीला सव्वा महिना झाला होता.

कागदोपत्री आमच्याकडे पाळणाघर होतं. खोलीवर तशी पाटीही होती. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. त्या दिवशी खोलीतलं बारदान बाहेर निघे, दोन झोळ्या टांगल्या जात, आणि मुकादम भुजंगराव म्हाताऱ्या मालनबाईलासुद्धा कुणाचं तरी लेकरू मांडीवर देऊन तिथे बसवत. साहेब गेले की बारदान आत आणि दाराला कुलूप. एरवी लेकरांच्या झोळ्या लिंबाखाली.

माझा मुलगा सासूबाईंजवळ असे. दुपारच्या सुट्टीत मी पळत जाऊन त्याला पाजून येई. त्याआधीच पदर भिजायचा. घरी काय झालं असेल या विचारात मी आकडे चुकायची.

बेबीनंदा घनसावंगीकडची, ठेंगणी, तोंडाळ. नवरा भिवा इथेच हमाल. मुलीचं नाव तिनं हौसेनं सुजाता ठेवलं होतं.

"लई मोठं नाव ठिवलं बाई," मालनबाई म्हणायची. "सायबीण करती का काय?"

"करती की. मंग ती तुमाला बराबर कामाला लावील."

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि कापूस भरपूर आला होता. गारठाही तसाच पडला. लिंबाखालच्या वाऱ्यानं सुजाताला खोकला झाला. बेबीनंदा मुकादमाला म्हणाली, "दादा, खोली उघडा ना. कोपऱ्यात पडून राहील लेकरू."

"आन् बारदान कुठं ठिवू, माझ्या डोक्यावर?"

मग तिनं जे केलं ते आमच्याकडच्या कोणत्याही बाईनं केलं असतं. वेचणीच्या दिवसांत खेड्यात घरंच्या घरं कापसानं भरलेली असतात, आणि पोरं त्या उबेतच झोपतात. तिनं गोदामातल्या ढिगाच्या कडेला हातानं खळगा केला, सुजाताला पाजून, फडक्यात गुंडाळून त्यात निजवलं आणि निवडायला जाऊन बसली. भिवा तेव्हा बाहेर गाड्यांवर होता. त्याला सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी बैलगाड्यांची रांग लागली होती. माझ्या काट्यावरून एकेक गाडी आत जाई आणि हमाल ती रिकामी करत. पाजायची वेळ झाली. मीही घरी निघाले होते, म्हणून मला दिसलं: बेबीनंदा गोदामाच्या दारात गेली आणि तिथेच थांबली. ढिगाला कडच राहिली नव्हती. कापूस भिंतीला भिडला होता.

ती ओरडली नाही. भिवाचा हात धरून म्हणाली, "हितं निजवल्ती म्या."

भिवानंच तिथे गाड्या उतरवल्या होत्या.

दोघा हमालांनी दाताळी उचलली. "दाताळं लावू नका," ती म्हणाली. "हातानं."

आम्ही सगळे ढिगात शिरलो. जेवढा कापूस बाजूला करावा तेवढा वरून घसरायचा. जीनचा घरघराट असा, की आतून आवाज आला असता तरी कळला नसता. मालनबाई म्हणाली, "भुजंगराव, जीन बंद करा."

चालू हंगामात मालकाला विचारल्याशिवाय जीन बंद होत नाही. भुजंगरावांनी एकदा ऑफिसकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन बंद केलं.

त्यानंतर जी शांतता झाली तिची मला अजून भीती वाटते. आम्ही कान लावून उभे होतो. काही ऐकू येत नव्हतं. पोर पोट भरून निजली आहे, एवढंच मी मनाशी म्हणत राहिले. त्याच्या पुढे जायची माझी हिंमत नव्हती. घरी माझा मुलगा भुकेनं रडत असेल हे मला कळत होतं, आणि तो रडतोय याचंच बरं वाटत होतं.

मालनबाईच्या हाताला फडकं लागलं. सुजाता निळी पडली होती. बेबीनंदानं करंगळीनं तिच्या तोंडातला कापूस काढला, तिला पालथी धरून पाठ चोळली. काही नाही. तळपायावर टिचक्या मारल्या. पुन्हा मारल्या. मग पोर खोकली, आणि रडली.

बेबीनंदा ढिगातच बसून पाजायला लागली, पदर न घेता. एकाही हमालानं मान वर केली नाही.

भुजंगरावांनी किल्ली आणली. बारदान त्यांनी आणि भिवानं ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी बेबीनंदाचे हात निवडायला चालेनात, तेव्हा त्यांनी मालकाला सांगून तिलाच लेकरं सांभाळायला बसवलं. आता पाटीखाली खरंच पाळणाघर आहे. मीही मुलाला तिथे आणते, मधूनच उठून पाजून येते.

पण बेबीनंदा लेकरांना झोपू देत नाही. एखादं निवांत निजलं की नाकाखाली बोट धरते. तेवढ्यानं तिचं भागत नाही. तळपायाला टिचकी मारते, लेकरू दचकून रडतं, आणि मग ती टेकून बसते. माझा मुलगा किरकिरा झालाय. सासूबाई विचारतात. मी दात येत असतील म्हणते.

परवा कौसल्या, या हंगामात नवी आलेली, भुजंगरावांशी भांडायला गेली. आम्ही मागे उभ्या होतो.

"लेकरू रातभर मला जागवतंय. दिवसा ही बेबीनंदा त्याला निजू दीना. माझ्या माहेराकडं एक म्हातारी हाये, अफूचा कण चाटवती. लेकरं सांजेपस्तोर गप राहत्यात. मी घिऊन येते तिला."

"मला काय," भुजंगराव म्हणाले. "या समद्या जणी हो म्हनल्या तर आण. काय गं, आणू द्यायची का गप निजवणारी?"

कौसल्यानं आमच्याकडे पाहिलं. मालनबाई पदरानं हात पुसत राहिली. एकाही जणीची मान हो म्हणून हलली नाही, माझीही नाही.

आतून लेकरू रडलं. कौसल्याचंच होतं. ती पुटपुटत पाजायला गेली, आणि आम्ही आपापल्या कामाला.