मनोहरच्या वहीतल्या जादा ओळी

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाते. तापट बाई आहे मी, असल्या भाकडकथांना माझ्याकडे वेळ नाही. तरी हे लिहितेय, कारण मनातून काही केल्या जात नाही...

माझं माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं. दिल्लीला दोन वर्षं राहून स्पॅनिश शिकले आणि एकोणीसशे साठच्या सुमारास अमरावतीच्या एका कॉलेजात विद्यापीठाचा स्पॅनिशचा वर्ग घेऊ लागले. लोक हसायचे. "स्पेनले संत्री धाडता का मॅडम?" असं आमचा शिपाईसुद्धा विचारायचा! सात विद्यार्थी, दुपारी तीनचा वर्ग. त्यात सगळ्यात हुशार मनोहर. वलगावहून सायकलवर यायचा. वडील मजुरीला जायचे, घरचे नुकतेच बौद्ध झालेले. दिल्लीतल्या पुढच्या शिक्षणासाठी मी एकाच मुलाची शिफारस करू शकत होते, आणि ते पत्र त्यालाच द्यायचं मी ठरवलं होतं.

श्रुतलेखनाचा माझा नियम कडक. कानावर पडेल ते लिहायचं, मान वर करायची नाही, मधे विचारायचं नाही. त्या दिवशी मी दिल्लीहून आणलेल्या कथांच्या पुस्तकातून वाचत होते. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईची गोष्ट. पान उलटलं — तर शेवटचं पानच नाही! "थांबा, पुढचं पान गेलंय," म्हटलं, दहा मिनिटं टेबलात-पिशवीत शोधलं आणि मग वह्या गोळा केल्या.

स्टाफरूममध्ये तपासायला बसले. सहा वह्या जिथे थांबायला हव्या तिथेच थांबल्या होत्या. मनोहरच्या वहीत मात्र पुढच्या पंधरा ओळी होत्या. थेट गोष्टीच्या शेवटापर्यंत! मधेच एका ओळीत देवनागरीत स्वतःचं नावही लिहिलेलं. मला शेवट ठाऊक होता, पण त्यातले शब्द काही मला पाठ नव्हते.

माझं डोकंच फिरलं. आदल्या महिन्यात पुस्तक त्यानेच घरी नेलं होतं. बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "पान फाडलंस, पाठ केलंस, वर नाव लिहून मिरवतोस?"

"काहून फाडीन मॅडम मी?" तो रडवेला झाला. "तुमीच तं वाचून राहिल्या होत्या. तुमी बोलल्या तेच लिवलं मी."

मी ऐकलं नाही. पत्र एका वकिलाच्या मुलाला दिलं. वही पुरावा म्हणून कपाटात ठेवली. मनोहर पुन्हा वर्गात आला नाही.

तीन वर्षांनी दिवाळीत माहेरी गेले होते. भर दुपार, घरातले सगळे बाजारात. माळ्यावरचा माझा जुना शब्दकोश काढला, जो मी दिल्लीहून येताना अकोल्यालाच टाकून गेले होते. उघडला आणि आतून ते पान पडलं. म्हणजे अमरावतीला पुस्तक गेलं त्याच्या आधीपासून ते इथेच! मनोहरने ते बघितलेलंही नव्हतं. खोलीत एकटीच, तरी मोठ्याने वाचू लागले, दिल्लीपासूनची सवय. आठव्या ओळीपाशी रडूच फुटलं आणि तोंडून निघालं, "अरे मनोहर..." मग डोळे पुसून उरलेलं वाचलं.

अमरावतीला आल्या आल्या कपाट उघडलं. पंधराच्या पंधरा ओळी शब्दाला शब्द जुळल्या. आणि आठव्या ओळीत, मी जिथे थांबले होते बरोब्बर त्या जागी, त्याचं नाव. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला!

तो परतवाड्याला एका कचेरीत कारकून झाल्याचं कळलं. दुसऱ्याच दिवशी एसटीने गेले. मी चुकले, असं त्याच्या टेबलापाशी उभी राहून म्हटलं. त्याने आधी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तवा लिवताना तुमी माझं नाव घेतलं ना मॅडम," तो म्हणाला, "मले वाटलं, रागावल्या. पण आवाज रडका होता तुमचा. म्हून मी मान वर केली नाही."

अकोल्यात रडले हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

"पत्र आता देऊ का रे?" मी विचारलं. दुसरं काही सुचेचना.

"आता कायचं मॅडम... वय गेलं ना." त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "घ्या, थंडा होऊन राहिला."

वकिलाच्या मुलाला मी असं सगळ्यांदेखत चोर म्हटलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, आणि त्याची लाज वाटते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणी देत नाही — अकोल्यातलं माझं रडणं त्याला तीन वर्षं आधी कसं ऐकू आलं? अजूनही वर्गात श्रुतलेखन देताना मी मधेच थांबते. मुलं खाली मान घालून लिहीतच राहतात. मी तर काहीच बोललेली नसते.