आईसाठी आणलेली मरळ

आषाढातला रविवार. साल असेल एक्क्याऐंशी. सकाळी नऊ वाजता मी उमरेड रोडवरच्या एका तलावाच्या काठावर, दुसऱ्याची गळाची काठी हातात धरून उभा होतो... मासे मारायचा शौक मला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. घरी आणली, पण जेवण म्हणून जाईना. दोन घास झाले की ताट बाजूला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अंगात ताकद आली नाही तर जखम भरणार नाही, पुन्हा अॅडमिट करावं लागेल.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मरळीचा रस्सा द्या. जखम भरायला मरळच पाहिजे, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. आईला विचारलं तर पहिल्यांदाच म्हणाली, "खाईन." आणि नेमकी बाजारात तीन दिवस मरळ नाही...

म्हणून मी ऑफिसातल्या दिवाकरला गाठलं. त्याच्याकडे रीळ लावलेली काठी होती आणि डबाभर 'चमचे'. चमचा म्हणजे पितळेची चकचकीत पट्टी, मागे तीन तोंडांचा गळ. ना गांडूळ, ना कणकेची गोळी. लांब फेकायचा आणि दोरी गुंडाळत यायचं, माशाला वाटतं लहानसा मासा पळतोय. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसा मी त्याच्या मागे गेलो. (दिवाकर हे वाचत असेल तर त्याने हलकं घ्यावं.)

आभाळाचा काही नेमच नव्हता. आता कडक ऊन, तर पाच मिनिटांत असा वारा की फेकलेला चमचा आमच्याच पायाशी येऊन पडायचा. मग सर आली, शर्ट ओला झाला, पुन्हा ऊन निघालं आणि अंगावरच वाळला.

मी दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. घरी धाकटी बहीण एकटीच आईजवळ होती. आईने पुन्हा ताट सरकवलं असेल का, ताप तर नसेल आला... दिवाकर म्हणायचा, "जरा शांत राय ना गा, मासा पळते तुझ्यानं." शांत कुठून राहणार?

बारा वाजता पलीकडे वीज चमकली. दिवाकर काठी आवरू म्हणाला. मी म्हटलं, पाच मिनिटं. तेवढ्यात गवताजवळ पाणी लालसर होऊन खदखदताना दिसलं. दिवाकर म्हणाला, "तिथं काहीतरी खाद्य जमून राहिलं. मोठा मासा तिथंच असन, टाक."

पहिले दोन चमचे वाऱ्याने भरकटले. तिसरा बरोबर त्या लाल पाण्यावर पडला आणि काठी हातातून निसटता निसटता राहिली. दोघांनी मिळून ओढली. हातभर लांब मरळ... मी चिखलातच नाचलो.

बाभळीखाली डोक्यावर पोतं घेऊन एक म्हातारे ढिवर बसले होते, त्याच तलावात जाळं टाकणारे. ते उठून आले, मरळीकडे पाहिलं.

"भुकेनं नाही धरला तिनं," ते म्हणाले. "ते लाल दिसून राहिलं ना, ते पिल्लं हायेत तिचे. तुमचा चमचा पिल्लायवर आला म्हणून धावली. आमी पिल्लावरची मरळ धरत नाही."

आम्हा शहरातल्या शहाण्यांना ते खाद्य वाटलं होतं. मला इतकी लाज वाटली... मरळ गवतात तोंड उघडत होती. सोडावी म्हणून वाकलो आणि आईचं "खाईन" आठवलं. हात पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी त्यांनाच सगळं सांगून टाकलं.

 त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. त्या लाल घोळक्याखाली दुसरी मरळ वर येऊन फिरत होती.

"दोघं मिळून राखतात. एक गेलं तरी दुसरं सोडत नाही. ने तू मायसाठी. पण इथं पुन्हा टाकू नको."

आम्ही पावसातच निघालो. तीनच्या सुमारास बहिणीने रस्सा केला. आईने वाटी संपवत आणली आणि माझ्याच्याने राहवलं नाही, पिल्लांचं सगळं बोलून गेलो. तिचा हात थांबला. मला वाटलं, संपलं... मीच माझ्या हाताने घास हिरावला.

"दुसरी होती ना तिथं?" तिने विचारलं.

"होती."

"तू पाहिली?"

"पाहिली, आई."

"मंग होतात मोठे पिल्लं," ती म्हणाली आणि वाटी पुढे केली. "वाढ अजून."

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, बहीण दीड. त्यानंतर एकटीने कसं निभावलं, हे आईला कुणीच कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

जखम भरली, पुढे आई बरीच वर्षं आमच्यात राहिली. पण त्या दुपारी तिने वाटी खाली ठेवल्यावर मी तिला पहिल्यांदा विचारलं... आणि ती संध्याकाळपर्यंत सांगत राहिली.