वेळ अमावास्येचं पॅकेज

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, उदगीरच्या अलीकडं रस्त्याला लागून रिसॉर्ट बांधलं तेव्हा त्या भागातल्या म्हशीसुद्धा मान वळवून बघत चालायच्या. एक तर बघता बघता ओढ्यात पडली. तिचा मालक भांडायला म्हणून आत आला आणि एसीखाली जो झोपला तो म्हशीला विसरून संध्याकाळी घरी गेला. एसी काय साधा होता? भिंतीवरच्या पाली शिंकायच्या.

सहा खोल्या, हिरवळ, झोपाळा आणि पोहायचा हौद. ज्या लातूर जिल्ह्याला एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं पोहायचा हौद बांधायला वाघाचं काळीज लागतं. दाजींचं होतं. त्यांच्या वडलांचं, अप्पांचं, काळीज शेतकऱ्याचं. हौद भरला त्याच दिवशी त्यांनी दोन्ही बैलं आत आणून पाणी पाजलं. पाहुणे पोहतील तेव्हा पोहतील, बैलं आत्ता तहानलीत, एवढंच म्हणाले.

ह्या सगळ्या थाटात माझ्या अक्काची वस्तू एकच, ती म्हणजे स्वयंपाकघर. लग्न झाल्यापासून ती आधी सासूच्या आणि मग थोरल्या जावेच्या हाताखाली रांधत आली होती. फोडणीत लसूण किती, हे इथं पहिल्यांदा तिनं ठरवलं. ओट्याची उंची तिच्या कमरेच्या मापानं, खिडकी तिला रस्ता दिसेल अशी. त्या खिडकीपाशी उभी राहून भाकरी थापताना ती गाणं म्हणते, हे मला तोवर माहीत नव्हतं. लग्नाआधी घरी कधी म्हटलेलं आठवत नाही.

खोलीचं भाडं दाजींनी नऊशे नव्याण्णव ठेवलं होतं. हजाराच्या आतल्या खोलीला कर नव्हता, आणि एका रुपयानं आख्ख्या दिल्लीला चकवल्याचं समाधान दाजींच्या मिशीवर तुपासारखं चमकायचं. मग एका पावसाळ्यात ती सवलतच गेली. स्वस्त खोलीलाही कर बसला. लहान धंद्याला म्हणे कराचा नंबर घ्यावाच लागत नाही. पण दाजींनी तो पहिल्याच महिन्यात घेऊन, रिसॉर्टच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत पाटीवर रंगवून घेतला होता. नंबर बघितला की गिऱ्हाईक दबतं, हा त्यांचा हिशेब. गिऱ्हाईक खरंच दबलं. भाडं ऐकून दबलं आणि परत गेलं.

त्यातच गॅस वाढला, तेल वाढलं, पनीर तर सोनाराच्या दुकानात ठेवायच्या लायकीचं झालं. आणि सोयाबीन पडलं. आमच्याकडं रिसॉर्टला माणसं जात नाहीत, सोयाबीन जातं. त्याला भाव असला की ते बायकापोरांना घेऊन हौदात डुंबतं. भाव पडला की घरी पंख्याखाली बसतं. लोक यायचे, भाडं विचारायचे, हौदाकाठी फोटो काढून सासुरवाडीला मुक्कामाला जायचे. एक कुटुंब तर घरून डबा आणून झोपाळ्यावर जेवलं आणि अक्काकडं मीठ मागायला गेलं. अक्कानं मीठ दिलं, वर शेंगदाण्याची चटणी दिली. दाजींनी त्यांच्याकडं आणि अक्काकडं अशा नजरेनं बघितलं की चटणी अजून तिखट झाली असावी.

तेव्हाच उदगीरचा एक डाळीचा व्यापारी चौकशीला आला. त्याला गोदाम पाहिजे होतं. जागा सगळी घेणार, मागची भिंत पाडून ट्रक आत घेणार. मागची भिंत म्हणजे अक्काच्या चुलीची भिंत. दाजींनी त्याला वेळ अमावास्येपर्यंत थांबायला सांगितलं. त्या दिवशी रिसॉर्ट भरलं तर चालवायचं, नाहीतर द्यायचं. हे मला अक्कानं सांगितलं नाही. तिनं फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारल्या, अमावास्येला जेवायला ये म्हणाली आणि फोन ठेवला. बाकी सगळं दाजींकडून कळलं. मी हदगावहून एसटीनं निघालो.

आमच्या हदगावकडं ह्या अमावास्येचं एवढं काही नाही. लातूरकडं मात्र त्या दिवशी गावं ओस पडतात. दुकानं बंद, सगळे शेतात. कडब्याची झोपडी, म्हणजे कोप, उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग भज्जी. सतरा कडधान्यं आणि सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली ती भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आणि मडक्यातली गार आंबील, जी दोन तांबे प्यायलेला माणूस थेट ज्वारीत आडवा होतो. आणि रीत अशी की बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची, ओळख असो नसो. ज्याला शेत नाही तोही त्या दिवशी उपाशी राहत नाही.

दाजींनी ह्याचंच पॅकेज केलं होतं. पुण्याहैदराबादच्या लोकांना खोली, कोप, भज्जी, आंबील. कर वेगळा. मोबाईलवर जाहिरात फिरवली होती. कल्पना नामी होती, मीसुद्धा मान डोलावली. फक्त अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं.

सहा खोल्यांना सकाळी गाड्या आल्या त्या तीन. दाजी फाटकापाशी नवा सदरा घालून उभे, हातात कूपनं. अक्का मोठ्या पातेल्यावर वाकलेली. आणि अप्पा डोक्याला पटका बांधून सरळ रस्त्यावर गेले आणि त्यांनी जन्मभराच्या सवयीनं हाळी दिली, "या हो जेवायला."

अप्पांचा आवाज म्हणजे बिदरपर्यंत पोचणारा. पहिले दोन मोटारसायकलवाले वळले. मग ऊस वाहणारा ट्रॅक्टर. मग मेंढरांसकट मेंढपाळ. त्यानंतर अप्पांनी एसटी थांबवली. तुमचा विश्वास बसणार नाही, कंडक्टरनं घंटी मारून सगळ्या प्रवाशांना खाली उतरवलं आणि स्वतः पहिल्या पंगतीला बसला. दाजी पळत गेले.

"अप्पा, आज कूपन हाय."

"कशाचं?"

"जेवणाचं. आमावस्येचं."

अप्पा हसले. मुलगा गंमत करतोय असं त्यांना खरोखर वाटलं. मग दाजींच्या हातातली कूपनं दिसली आणि हसू मावळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "खोलीचं काय घ्यायचं ते घे बाबा," ते म्हणाले, "त्येला भिंती हायत, गादी हाय. पर ह्या भज्जीचं घेतलंस तर पुढल्या साली रानात काय तोंड घिऊन जाऊ मी?"

गाडीतून आलेले पुण्याचे एक गृहस्थ ताट घेऊन उभे होते. ट्रॅक्टरवाला फुकट जेवतोय आणि आपण आगाऊ पैसे भरलेत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की दोघांचं जेवण एकच आहे का. दाजींचा चेहरा असा झाला की हौद दुभंगून आत घेईल तर बरं. त्यांनी तिथल्या तिथं तिन्ही गाड्यांना जेवणाचे पैसे परत केले. मग सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि वाढायला लागले. मला ते त्या दिवशी फार आपले वाटले. हिशेबात हरलेला माणूस वाढताना हात आखडतो. त्यांनी नाही आखडला.

दुपार कलली तेव्हा डाळीचा व्यापारी आला, हातात मोजायची टेप. दुकानं बंद, गाव रिकामं, आणि दुकान वाढवायच्या नादात त्यानं स्वतःचं शेत कधीच विकलेलं. त्यामुळं त्या दिवशी त्याला जायला दुसरीकडं जागाच नव्हती. अप्पांनी "शरणार्थ" असा नमस्कार करून टेप काढून घेतली आणि ताट दिलं. तो नको नको म्हणाला, मग बसला, मग जेवला. काय जेवला. चौथ्यांदा वाढलं तेव्हा त्यानं कमरेचा पट्टा सैल केला आणि आंबिलीच्या दुसऱ्या तांब्याला त्याचे डोळे भरून आले. आई गेल्यापासून अशी भज्जी खाल्ली न्हाई, असं काहीतरी पुटपुटला.

अक्का पळी घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती अनोळखी पुरुषांशी फारशी बोलत नाही.

"शेटजी, भिंत कुठली पाडणार?"

त्यानं मागं बोट केलं. तिनं आणखी एक पळी भज्जी वाढली.

"ती माझ्या चुलीमागची हाय."

तो ताटाकडं बघत राहिला. "आज कामून इचारता, अक्का. आज जेवलोय मी."

"म्हणूनच आज इचारलं."

माझी बहीण इतकी बेरकी आहे हे मला लहानपणी कळलं असतं तर मी तिच्याशी जपून खेळलो असतो. व्यापाऱ्यानं ताटातली भज्जी संपवली. मग म्हणाला की ट्रक बाजूनं, हौद बुजवूनही आत घेता येईल. त्याला खोल्या पुरतील, चूल राहू दे.

दाजी बाजूला उभे होते. त्यांनी होकाराची मान हलवली आणि एकटेच खोल्यांकडं गेले. मी मागून गेलो. ते प्रत्येक खोलीत जाऊन पलंगावरची चादर सरळ करत होते. त्या चादरी त्यांनी सोलापूरला स्वतः जाऊन निवडल्या होत्या. विनोद बाजूला ठेवून मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

आता त्या खोल्यांत तूरडाळ राहते. आख्ख्या मराठवाड्यात एसीखाली, संडासबाथरूम जोडून राहणारी डाळ तेवढीच. स्वयंपाकघरापुढच्या हिरवळीवर अक्काची खानावळ आहे. ट्रकवाले येतात, मास्तर येतात, सोयाबीनला भाव नसला तरी येतात, कारण जेवावं तर लागतंच. परवा तेल पुन्हा वाढलं तेव्हा तिलाही ताटाचा भाव वाढवावा लागला. दिवसभर ती गिऱ्हाइकांच्या तोंडाकडं न बघता वाढत होती आणि प्रत्येकाला न मागता एक भाकरी जास्त टाकत होती. ह्यात उरणार काय, असं विचारायला दाजी खिडकीपाशी गेले. आत ती गुणगुणत होती. ते तसेच वळले, आणि कोठीतून आणखी पीठ आणून त्यांनी परातीत ओतलं.