डावऱ्या हाताची गाठ

चहाला नुकतं आधण आलं होतं, तेवढ्यात दार वाजलं. टाकेकाका सुईत दोरा ओवत होते. चाळीस वर्षं कचेरीच्या वह्या शिवल्या, म्हणून हे नाव. मान वर न करताच ते म्हणाले, "या, उघडंच आहे."

आला तो गावातल्या जमिनी बळकावणाऱ्या दादाचा माणूस. कडक इस्त्री, जीभ मधाची.

"काका, उद्या कोर्टात जमिनीची वही दाखवतील. शिवण माझीच, एवढंच म्हणायचं. बाकी सगळं जमलंय."

जमलंच होतं. दवाखान्याच्या जागेचं पान दादाच्या लोकांनी बदललं होतं. कचेरीतल्या कारकुनानं मान फिरवली, फौजदारानं तक्रारच घेतली नाही. खुर्च्या जागच्या जागी होत्या, बसणारे तेवढे दादाच्या खिशात गेले होते.

"आणि नाही म्हटलं तर?" काकूंनी विचारलं.

"तुमची लेक रोज पुलावरून एकटीच जाते ना?" तो हसला आणि चहा न घेताच गेला.

काकांनी सुई डबीत ठेवून दिली.

"मला त्याच दवाखान्यातल्या सिस्टरनं मरणाच्या दारातून ओढून आणलं," काकू म्हणाल्या. "सुई खाली ठेवायला बरा मुहूर्त सापडला तुम्हाला!"

काकूंनी रात्रीच गल्लीत निरोप धाडला. दुसऱ्या सकाळी जिन्याखाली सिस्टर उभी होती. तिच्यामागे परीट, शिंपीणबाई, अख्खी गल्ली.

"लेकीला आम्ही पोचवतो, काका. तुम्ही चला."

काकांनी डोळे पुसले. "माझ्या लग्नालाही एवढं वऱ्हाड नव्हतं हो!"

कोर्टात त्यांनी वहीची पाठ बोटांनी चाचपली.

"साहेब, दर सोळा पानांच्या जुडीला मी एक गाठ मारतो. मी डावरा, माझ्या गाठीचं टोक उजवीकडे पडतं. वहीभर बघा, तसंच आहे. या एका जुडीचं डावीकडे पडलंय. ही उसवून दुसऱ्या कुणीतरी शिवलीय."

साहेबांनी ती जुडी उसवून पाहिली आणि सुईदोरा मागवला. काकांनी सगळ्यांसमोर कोऱ्या कागदांची एक जुडी शिवून दाखवली. मग कारकुनालाही कंठ फुटला. पान कुणी आणून दिलं ते त्यानं सांगून टाकलं.

दवाखाना वाचला. गल्लीनं सत्काराचा घाट घातला, तेव्हा काका संकोचले.

"सत्कार कसला? तुम्ही मागे होतात म्हणून माझे पाय चालले. उपकार तुमचेच."

"तरी काहीतरी मागा, काका," सिस्टर म्हणाली.

काकांनी थोडा विचार केला.

"ती वही कोर्टात उसवलेलीच पडलीय. साहेबांना विचारून तेवढी मला पुन्हा शिवू द्या."