सांगून नेणारे वामनभाऊ

वामनभाऊ आमच्या आवारात शिरताना कधी हाक मारत नसत. जाताना मात्र हमखास मारत. "सर, सांबार घेऊन चाललो." मी बाहेर येईपर्यंत कोथिंबिरीच्या वाफ्याला टक्कल पडलेलं असे आणि वामनभाऊ फाटकाबाहेर असत.

आर्वीत आमची भिंतीला भिंत लागून घरं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून हयात घालवलेला, निर्व्यसनी माणूस. घरात कशाची ददात नाही. म्हणजे गरजेपोटी नेतात, अशी समजूत घालून घ्यायचीही सोय नव्हती.

"विचारून नेत जा हो," मी म्हणायचो.

"विचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं."

"मंग विचारून काय करू?"

"आणि नाही म्हटलं असतं तर?"

"मंग तं विचाराचंच नाई. एवढ्याशा सांबारासाठी नाई म्हनाचं पाप तुमाले काऊन लावू?"

तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला मी या हिशेबापुढे दरवेळी हात टेकत असे. आमच्या वायफायचा पासवर्ड त्यांनी माझ्या बायकोशी गोड बोलून काढला. मी चिडलो तर म्हणाले, "ते काय रांजनातलं पानी हाय का, कमी व्हाले?" बागेचा पाइप नेला, तो मात्र चांगलाच कमी झाला. "तुमच्याकडं पडूनच व्हता," म्हणाले. त्यांच्या कायद्यात पडून असलेली वस्तू कोणाचीच नसे, आणि कोणती वस्तू पडून आहे हे ठरवायचं काम त्यांच्याकडे असे.

होळीला तर विचारूच नका. आमच्याकडे होळीसाठी लाकूड चोरायची रीत आहे. एकदा होळीत पडलेलं लाकूड मालकाने परत मागायचं नाही, कुरकुरही करायची नाही. साठी उलटली तरी मोहल्ल्यातल्या या चोरीचे म्होरके वामनभाऊच. तीन वर्षांपूर्वी त्यांनी चौकातल्या निंबाखालचा टेबल उचलला आणि होळीत घातला.

तो सुमनताईंचा होता. त्या बाई त्यावर लोकांचे कपडे प्रेस करत. नवरा नाही, पोरगी सावंगीला नर्सिंग शिकत होती, आणि सगळा संसार त्या टेबलावर चालत होता. सणाला समुद्रपूरला माहेरी जाताना त्यांनी तो उलटा करून ठेवला होता, कुत्री वर बसू नयेत म्हणून. परत येऊन बघतात तर निंबाखाली चार विटा तेवढ्या. त्या विटांपाशी त्या नुसत्या उभ्या राहिल्या. माझं डोकंच फिरलं.

"हे तरी चोरी आहे की नाही?" मी वामनभाऊंच्या ओसरीवर जाऊन ओरडलो.

"उलटा पडून व्हता, सर. उलटी वस्तू म्हंजे टाकलेली. अन् होळीत गेलं ते गेलं."

"त्या बाईने आता खायचं काय?"

ते सुपारी कातरत बसले. मी तणतणत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येताना पाहतो तर निंबाखाली नवाकोरा टेबल. पाय भक्कम, नीट रंधा मारलेले. वरची फळी सागवानी, रुंद, ओळखीची. एका कडेला कडी होती. तो आमच्या गच्चीचा दरवाजा होता.

"गच्चीले कोन चोर येते, सर?" वामनभाऊ म्हणाले. "तुमचा दरवाजा पडूनच व्हता."

"तो उभा होता, वामनभाऊ! चौकटीत उभा होता!"

"ताईचा टेबल पाह्यला का? हलते का जरासा?"

सुमनताईंच्या पुढ्यातून तो ओढून आणायचं तोंड मला नव्हतं. दोन पावसाळे गच्चीचं पाणी जिन्यात येत राहिलं आणि मी दर सरीला त्यांच्या नावाने बोटं मोडत राहिलो. सुमनताईंशी त्या विषयावर कधी बोललोच नाही. त्या माझे कपडे सगळ्यांच्या आधी करून देत. मास्तरकीचा मान आहे, असं समजून मी खूश होतो.

गेल्या पावसाळ्यात वामनभाऊ झोपेतच गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हाक न मारता. वहिनी म्हणाल्या, सदरा कडक पाहिजे, ते चुरगळलेलं घालत नसत. मी सदरा घेऊन निंबाखाली गेलो. सुमनताईंनी तो माझ्या दरवाजावर पसरला आणि डोळे पुसत प्रेस फिरवू लागल्या.

"टेबल आपल्याच हातानं जाळला म्हून पाय धरले व्हते त्यायनं माह्ये," त्या म्हणाल्या. माझ्यापाशी मात्र वामनभाऊंनी शेवटपर्यंत चूक कबूल केली नव्हती. "अन् म्हने, सरचं मन लई मोठं. म्या मांगितला बी नाई, सरनंच घरचा दरवाजा काढून देल्ला. तुमी नसते तं पोरीचं शिक्षन तवाच बसलं असतं, सर."

मी त्या कडीकडे पाहत राहिलो. तेवढी काढायचंही वामनभाऊंना सुचलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "पडूनच होता."

सदरा घेतला आणि निघालो. सुमनताईंना खरं सांगून काय करू?