एक फुल चांदा

टण्.

रंजीतानं हातातला झाडू तिथंच टाकला आणि आत गेली. बापूराव खाटेवर पडल्या पडल्या तिच्याकडं बघत होते. लकवा मारल्यापासून म्हाताऱ्याची वाचा गेली, उजवी बाजू गेली. राहिला एक डावा हात, तोही थरथरता. त्या हाताशी स्टुलावर स्टीलचा गिलास आणि चमचा ठेवलेला असे. गिलास वाजला की रंजीतानं यायचं. मग पाणी असो, कूस बदलणं असो, नाहीतर नाकावर बसलेली माशी असो.

गावातले लोक म्हणायचे, "रंजीता पोरगी नाई, पोरगा हाय बापूरावचा." अरे बाप्पा! पोरगा होता ना त्यांना, चांगला धडधाकट, प्रफुल नावाचा, तिकडे ऊर्जानगरला वीज केंद्रात कंत्राटावर कामाला. आणि एवढं कौतुक करणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी येऊन म्हाताऱ्याजवळ तासभर बसावं की नाही? नाव काढू नका. तोंडानं शाबासकी द्यायला काय जातं कोणाचं!

ही गिलास-चमच्याची युक्ती तिला दवाखान्यात कोणी शिकवली नव्हती. ती त्यांच्या बसमधली होती.

रंजीता लहान होती तेव्हा गावात एसटी येत नसे. फाट्यापर्यंत जंगलातून पायी जायचं आणि तिथं बसची वाट बघत बसायचं. म्हणून मग पोट्ट्यांनी आपली एसटी गावातच सुरू केली. बैलाचा लांब कासरा घ्यायचा, त्याला गाठ मारायची, त्या फेऱ्यात सगळ्यांनी उभं राहायचं, झाली बस तयार. पुढं रंजीता, हातात फुटक्या चाळणीचं कडं. "ड्रायव्हर बाई रायते का कुठी?" असं शेजारचा कोलू एकदा बोलला, तर तिनं त्याला भर जंगलात उतरवून दिलं. भर जंगल म्हणजे मुखरूच्या गोठ्यामागचा उकिरडा. बिचारा रडत रडत परत आला आणि गुमान कंडक्टर झाला. पळसाच्या पानांची तिकिटं, त्यांना बाभळीच्या काट्यानं भोक, आणि घंटी म्हणून गिलास-चमचा. एकदा वाजवलं की थांब. दोनदा वाजवलं की चल.

प्रफुल सगळ्यात धाकटा. चार पावलं पळाला की धपकन पडायचा आणि अख्खी बस त्याच्यावर कोसळायची. मग त्याला स्टेपनी केलं. कासऱ्याचं लोंबतं टोक धरून त्यानं मागून पळायचं. कोणी 'पंक्चर' म्हटलं की स्टेपनीनं धावत येऊन त्याच्या जागी उभं राहायचं. पंक्चर म्हटल्यावर काऊन, कशाले, असं विचारायचं नाही, हा नियम एकदम पक्का. कोलू तर चिंचा पाडायच्या असल्या की पंक्चर व्हायचा. पण ड्रायव्हर कधी पंक्चर होत नसे. आपणच थांबलो तर बस जाईल कुठं, असं रंजीताला वाटे.

संध्याकाळी बापूराव बांबू तोडून येत. अंगात त्राण नसे, तरी रस्त्यात हात करून बस अडवत. "एक फुल चांदा," म्हणत. चंद्रपूरला गावात सगळे चांदाच म्हणतात.

"हाफ काढा ना बाबाजी, तुमी वाळून गेले," कोलू म्हणे.

"नाई बावा, फुल दे. गरीब हाओ, चोर नाई."

मग ते कासऱ्यात शिरत, पोरांच्या पावलानं हळूहळू चालत, आणि स्वतःच्याच दारात चांदा आलं म्हणून उतरत. उतरल्यावर कोलूच्या हातातला चमचा घेऊन दोनदा वाजवत. "माह्यासाठी थांबू नका, जाऊ द्या गाडी," म्हणत. आणि बस पुढं निघून जाई.

ती बस कधी बंद पडली ते कोणाला सांगता यायचं नाही. कोलू मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडचाच झाला. आई गेली, रंजीताचं ठरलेलं लग्न मोडलं, ती अंगणवाडीत मदतनीस लागली, आणि मग बाबाला लकवा मारला. सकाळी अंगणवाडी, दुपारी रांधणं, मधे मधे टण्. झोपेतही तिचा एक कान गिलासाकडं असे. तिला बापाचा कंटाळा नव्हता, उगाच तसं कोणी समजू नये. ती थकली होती. हाडापर्यंत थकली होती, आणि ते सांगावं असं कोणी समोर नव्हतं.

ऑक्टोबर आला की विहारातल्या बाया चांद्याच्या दीक्षाभूमीवर सोहळ्याला जात. आई असताना रंजीताही जायची. यंदाही शेजारची गुणाबाई आली. "चाल व यंदा तरी. पांढरं लुगडं पेटीतच कुजवतं का?"

"बाबाले कोण पाह्यीन, गुणाबाई?"

दरसालचं उत्तर. गुणाबाईनंही दरसालसारखा उसासा टाकला आणि गेली.

त्याच दिवशी बापूरावांना उठवून बसवताना रंजीताच्या कमरेत चमक भरली. ती तशीच भिंत धरून उभी होती, तेवढ्यात प्रफुलचा फोन आला.

"कशी हायेस ताई?"

ह्यावर 'बरी हाय' म्हणायचं असतं. इतकी वर्षं तेच म्हटलं होतं. त्या दिवशी ते शब्द तोंडातून निघेचनात.

"पंक्चर," ती म्हणाली.

"काय?"

"पंक्चर झाली रे मी, प्रफुल." आणि ती रडायलाच लागली.

मग तो म्हणाला, "येतो." काऊन म्हणून त्यानं विचारलं नाही.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. पोट सुटलेला, केस विरळ झालेला प्रफुल हेल्मेट काढून म्हणाला, "स्टेपनी आली, ताई." हसायला कोणीच हसलं नाही. रंजीताला तर रागच आला. एका शब्दावर येणार होता, तर इतकी वर्षं काय करून राह्यला होता हा?

तिनं तसं विचारलंसुद्धा. तो खाली बघत म्हणाला, "तू कधी बोललीच नाईस. मले वाटे, ड्रायव्हरले काई लागत नाई."

बापाला पेज पाजताना त्यानं अर्धी गळ्यावर सांडली, पण पाजली. कूस बदलली, पुसलं, धुतलं.

सकाळी एसटी चौकात येऊन उभी राहिली. आता बस गावात येते. पांढरं लुगडं नेसून, पिशवी घेऊन रंजीता उंबऱ्याबाहेर पडली.

टण्.

ती परत फिरली. पाणी पाजायला गेली तर बापूरावांनी मान फिरवली. माशी नव्हती, काही नव्हतं. ती पुन्हा निघाली, अंगणापर्यंत पोचली.

टण्.

या वेळी तिनं आत येऊन पिशवी खाली ठेवली. "जाऊ दे प्रफुल. बाबाच्या मनात नाई."

बापूराव घशातून घुं घुं करत जोरजोरात मान हलवत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. चौकात हॉर्न वाजला. "अवो रंजीता, येतं का नाई?" गुणाबाई तिकडून ओरडली.

प्रफुल खाली वाकला होता. खाटेखालून त्यानं चमचा काढला, मघाशीही तो तिथूनच काढला होता. "ताई, थांब. एकदा वाजवला का चमचा पडून राह्यला बाबाच्या हातातून."

त्यानं चमचा बापाच्या बोटांत नीट बसवला आणि गिलास हाताजवळ धरला.

टण्.

बापूरावांचा हात थरथरत वर उठला. बोटं पांढरी पडली. चमचा घसरला, अंगठ्यात अडकला. कोणी त्यांना मदत केली नाही. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

टण्.

रंजीतानं बापाच्या कपाळावर हात ठेवला, पिशवी उचलली आणि मागं न बघता पळत सुटली.

बसमध्ये बायांनी तिला खिडकीची जागा दिली. कंडक्टर आला. "कुठी, बाई?"

"एक फुल चांदा."

"फुल? अवो, बायकांले हाफ झालं ना आता! किती सालानं बसून राह्यल्या एसटीत?"

बाया हसल्या. रंजीताही हसली. कंडक्टरनं घंटीची दोरी दोनदा ओढली. तिनं मान खिडकीच्या दांडीला टेकवली. गाडी दुसरंच कोणीतरी चालवत होतं. फाटा यायच्या आधीच तिला झोप लागली.