तारेपलीकडचा सातबारा

पंजाबच्या सीमेवर आमच्या पनवेलच्या ग्रुपला फिरवायला एक जवान दिला होता. नशिबाने तो सांगलीकडचा निघाला. मोबाइल जमा करा, रांगेत चाला, कुंपणाजवळ थांबू नका, असं त्याने तीनदा बजावलं. तरी आमचे हे बांधावर उभं राहावं तसे हात मागे बांधून कुंपणासमोर उभे! मी दोनदा शर्ट ओढला. शेवटी त्यांनी विचारलंच, "तारंच्या पलीकडं गहू हाय, त्याचा सातबारा कुणाच्या नावावर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवदर्शनाच्या रांगेतसुद्धा हा माणूस लोकांना सातबारा विचारतो.

"अहो, समोर बंदूक आहे, गप्प बसा की!" मी खेकसले.

जवान मात्र हसला. म्हणाला, जमीन इकडच्याच शेतकऱ्यांची आहे. सकाळी ओळखपत्र बघून आम्ही फाटक उघडतो, दिवसभर कसून ते संध्याकाळी परत येतात.

यांचे मागे बांधलेले हात सुटले. आमचं शेत प्रकल्पात गेलं, भोवती भिंत उठली आणि तिथला वॉचमन यांना फाटकापाशी उभंही करत नाही.

बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "त्यांना आत तरी सोडतात."